कानाची कमाई : घरगुती ध्वनिसंचाचा छंद आणि चरितार्थ

घरात बसून संगीत ऐकण्याचा आणि ते अधिकाधिक चांगले ऐकू यावे म्हणून यंत्रांशी झटण्याचा छंद बहुतेकांच्या बाबतीत आयुष्यभर छंदच राहतो. तो पोटापाण्याचा उद्योग व्हायचा असेल, तर ऐकणाऱ्याला स्वतःच्या कानाचे समाधान बाजूला ठेवून दुसऱ्याच्या कानाचा, दुसऱ्याच्या खोलीचा आणि दुसऱ्याच्या खिशाचा विचार करण्याची सवय लावून घ्यावी लागते. ज्यांना हे साधले, त्यांनीच गेल्या शतकात घरगुती ध्वनियंत्रांचा व्यवसाय उभा केला आणि त्यांतले कित्येकजण मूळचे वेगळ्याच धंद्यातले होते. कापडाच्या व्यापारातून, वकिलीतून, प्रयोगशाळेतून किंवा बांधकामाच्या पिढीजात उद्योगातून ते या वाटेला लागले. सुरत शहराच्या दक्षिणेकडील बमरोलीसारख्या यंत्रमागांच्या वस्तीतून या वाटेकडे पाहिले असता काही गोष्टी अधिक स्पष्ट दिसतात, कारण या व्यवसायाला लागणारी बहुतेक हस्तकौशल्ये तेथे आधीच नांदत आहेत आणि या व्यवसायाचा सर्वांत मोठा शत्रू, म्हणजे कानाला बधिर करणारा गोंगाट, हाही तेथेच मुक्कामाला आहे.

एकेकाळी स्वतंत्र गाव असलेली बमरोली आता सुरत महापालिकेच्या हद्दीत असून तिला लागूनच उधना आणि पांडेसरा हे औद्योगिक भाग आहेत. उधना जंक्शनवरून तापीच्या खोऱ्यातून नंदुरबार आणि अमळनेरकडे जाणारा लोहमार्ग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ताप्ती व्हॅली रेल्वे म्हणून घातला गेला आणि याच मार्गाने पुढे खानदेशातील हजारो कुटुंबे कामाच्या शोधात सुरतेस आली. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा आणि बमरोली या पट्ट्यात अहिराणी आणि मराठी सहज कानावर पडते, महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळा चालतात, श्रावणात कानबाई या खानदेशी लोकदेवतेची स्थापना होते आणि गणेशोत्सवात मंडळांची चढाओढ लागते. कानबाईचा उत्सव मुख्यतः घरातला, रात्र जागवून गाणी म्हणण्याचा आणि ऐकण्याचा असल्यामुळे घरातील ध्वनिसंच हा या वस्तीत केवळ चैनीचा भाग राहत नाही, तो कुटुंबाच्या देवकार्यातही सामील होतो.

ब्रॅडफर्डचा कापडवाला

कापडाच्या गावातून ध्वनियंत्रांचा व्यवसाय उभा राहण्याचे सर्वांत ठळक उदाहरण इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात सापडते. लोकरीच्या कापडासाठी जगभर प्रसिद्ध असलेल्या ब्रॅडफर्डजवळ १८९० मध्ये जन्मलेले गिल्बर्ट ब्रिग्ज हे कापडाच्या निर्यात व्यापारात होते आणि संध्याकाळचा वेळ पियानो, ग्रामोफोन आणि स्वतः जुळवलेले लाउडस्पीकर यांत घालवीत होते. १९३० च्या सुमारास आलेल्या जागतिक मंदीने कापडाचा व्यापार कोसळला, तेव्हा चाळिशी ओलांडलेल्या या गृहस्थाने १९३२ मध्ये इल्कली येथील आपल्या घराच्या तळघरात पहिला विक्रीयोग्य लाउडस्पीकर बनवला. वॉर्फ नदीच्या ज्या खोऱ्यात ते राहत होते, त्या खोऱ्याच्या नावावरून उद्योगाला ‘वॉर्फडेल’ हे नाव मिळाले. ब्रॅडफर्ड रेडिओ सोसायटीच्या स्पर्धेत त्यांच्या स्पीकरांना पहिले आणि दुसरे अशी दोन्ही बक्षिसे मिळाली, मागणी येऊ लागली आणि तळघरातील काम कारखान्यात गेले.

ब्रिग्ज यांच्याकडे अभियांत्रिकीची पदवी नव्हती, पण कापडाच्या व्यापाऱ्याला लागणारी एक सवय मात्र होती, ती म्हणजे गिऱ्हाइकासमोर माल उलगडून दाखवण्याची. १९४८ मध्ये त्यांनी लाउडस्पीकरांवर सामान्य वाचकाला समजेल असे पुस्तक लिहिले. १९५४ मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये आणि पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्यांनी रंगमंचावर प्रत्यक्ष वादक बसवले, तेच संगीत ध्वनिमुद्रित करून स्पीकरमधून ऐकवले आणि दोहोंतील फरक ठरवण्याचे काम श्रोत्यांवर सोपवले. लंडनच्या प्रयोगात त्यांच्या सोबतीला क्वाड या प्रवर्धकांचे निर्माते पीटर वॉकर होते. प्रवर्धक म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर. ध्वनीचा क्षीण विद्युतसंकेत स्पीकर हलवू शकेल इतका बलवान करणारे यंत्र. स्पीकरची पेटी स्वतःच थरथरून आवाज बिघडवू नये म्हणून ब्रिग्ज यांनी दोन फळ्यांच्या मध्ये वाळू भरण्याची आणि खोलीच्या कोपऱ्यात चक्क विटांची पेटी बांधण्याची युक्तीही लोकांना सांगितली. सुतार आणि गवंडी यांच्या हातात असलेली कौशल्येच चांगल्या आवाजाच्या कामी येतात, हे त्यांनी कृतीने दाखवून दिले, आणि हीच गोष्ट बमरोलीच्या संदर्भात सर्वांत मोलाची ठरते.

निराशेतून निघालेली वाट

दुसरी वाट असमाधानाची आहे. कलकत्त्याहून ब्रिटिशांचा ससेमिरा चुकवून अमेरिकेत गेलेल्या नोनीगोपाल बोस यांचे चिरंजीव अमर बोस यांचा जन्म १९२९ मध्ये फिलाडेल्फिया येथे झाला. दुसऱ्या महायुद्धात जहाजांची ये-जा मंदावून वडिलांचा आयातीचा धंदा बसला, तेव्हा तेरा वर्षांच्या अमरने रेडिओदुरुस्तीचे काम घेण्याची कल्पना काढली. वडिलांनी ओळखीच्या दुकानांतून रेडिओ आणायचे आणि मुलाने शाळेतून आल्यावर घरच्या तळघरात ते दुरुस्त करायचे, असे करून कुटुंबाचा संसार चालू राहिला. पुढे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, या संस्थेत शिकत असताना १९५६ मध्ये त्यांनी स्वतःला बक्षीस म्हणून उत्तम तांत्रिक गुणांकन असलेला स्टिरिओ संच विकत घेतला आणि तो ऐकून त्यांची घोर निराशा झाली, कारण कागदावरचे आकडे उत्कृष्ट असूनही सभागृहातील वाद्यांचा भरीवपणा त्या आवाजात नव्हता.

या निराशेचे कारण शोधताना बोस यांच्या लक्षात आले की सभागृहात श्रोत्यापर्यंत पोहोचणारा बहुतांश ध्वनी भिंती आणि छत यांवर आपटून येतो, वाद्याकडून थेट येणारा भाग तुलनेने थोडा असतो. १९६४ मध्ये त्यांनी कंपनी स्थापन केली आणि १९६८ मध्ये बाजारात आलेल्या ‘९०१’ या स्पीकरमध्ये एकूण नऊ एककांपैकी एकच श्रोत्याच्या दिशेने आणि उरलेली आठ मागच्या भिंतीकडे तोंड करून बसवली. या रचनेच्या गुणदोषांवर जाणकारांमध्ये अजून वाद चालतो, परंतु खोली हा ध्वनिसंचाचाच एक घटक आहे हा मुद्दा त्यांनी घराघरात पोहोचवला यात शंका नाही. बोस अनेक दशके एमआयटीमध्ये शिकवत राहिले आणि २०११ मध्ये त्यांनी कंपनीचे बहुसंख्य समभाग, मतदानाच्या हक्काविना, त्याच संस्थेला देऊन टाकले. तळघरातल्या दुरुस्तीच्या टेबलावर सुरू झालेली कमाई शेवटी शिक्षणाच्या पदरात पडली.

बोस यांच्या आधी, १९५४ मध्ये, एडगर व्हिलचर यांनी लहान घरांच्या दृष्टीने आणखी मोठे काम करून ठेवले होते. तोपर्यंत खर्जाचा, म्हणजे खालच्या पट्टीतला, आवाज हवा असेल तर कपाटाएवढी पेटी लागे. व्हिलचर यांनी पेटी हवाबंद केली आणि आत कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंगचे काम दिले, त्यामुळे पुस्तकांच्या फळीवर मावणाऱ्या पेटीतून खोल खर्ज निघू लागला. ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकाच्या प्रारंभी स्पीकरच्या मोजक्या गुणांकांवरून पेटीचे आकारमान गणिताने काढण्याची पद्धत सिद्ध केली. आज कोणताही हौशी कारागीर मोबाइलवर आकडे घालून पेटीचे माप काढतो, ते या दोघांच्या गणितावरच.

मराठी माणसांच्या तीन वाटा

ध्वनीच्या वेडाला मराठी समाजात तीन वेगवेगळी फळे आली. नागपूरचे वकील आणि भावगीतगायक जी. एन. जोशी हे १९३८ मध्ये एचएमव्ही या ग्रामोफोन कंपनीत दाखल झाले आणि पुढची तीनेक दशके त्यांनी ध्वनिमुद्रणाची सूत्रे सांभाळली. शास्त्रीय गायकाला साडेतीन मिनिटांच्या तबकडीत राग मांडायला राजी करण्यापासून ते लाँग प्ले तबकडीवर सबंध कल्पना फुलवण्यापर्यंतचा काळ त्यांच्या कारकिर्दीत सामावला आहे. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरासिया आणि ब्रिजभूषण काब्रा यांची १९६७ ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही तबकडी त्यांच्याच निर्मितीतून आली आणि संतूर, बासरी व गिटार यांचे मीलन असंख्य घरांतील रेकॉर्ड प्लेअरवर पोहोचले. गाण्याच्या आवडीने वकिली सोडणे हे त्या काळच्या मध्यमवर्गात धाडसाचे होते, पण जोशी यांना गवई आणि यंत्र या दोहोंची भाषा कळत होती आणि तीच त्यांची खरी मिळकत ठरली.

दुसरे फळ अभ्यासाचे आहे. मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पदार्थविज्ञानाचे काम करणारे डॉ. सुरेश चांदवणकर यांनी इतर संग्राहकांसह १९९० मध्ये सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था उभी केली आणि तिच्या नियतकालिकातून जुन्या तबकड्या, त्यांवरील कलावंत आणि त्या छापणाऱ्या कंपन्या यांची शिस्तशीर नोंद सुरू ठेवली. १९०२ च्या अखेरीस ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यात केलेल्या ध्वनिमुद्रणांपासून भारतीय तबकड्यांचा इतिहास सुरू होतो, आणि तो इतिहास भंगाराच्या ढिगात जाऊ नये याचे बरेचसे श्रेय नोकरी सांभाळून, पदरमोड करून तबकड्या जमवणाऱ्या अशा मंडळींना आहे. छंदाने चरितार्थ चालवलाच पाहिजे असे नाही. तो विद्येचे रूप घेऊनही आयुष्य व्यापू शकतो.

तिसरे फळ उत्पादनाचे आहे. बांधकाम उद्योगातील शिर्के घराण्यातील आणि क्रिकेट प्रशासनामुळे सर्वपरिचित असलेले अजय शिर्के यांच्या ध्वनिप्रेमातून पुण्यात ‘केडन्स ऑडिओ’ हा उद्योग आकाराला आला आणि त्याचे स्पीकर परदेशातील चोखंदळ श्रोत्यांपर्यंत गेले. हे स्पीकर संमिश्र इलेक्ट्रोस्टॅटिक जातीचे आहेत. नेहमीच्या स्पीकरमध्ये कागदाचा शंकू चुंबकात हलणाऱ्या तारेच्या वेटोळ्याने ढकलला जातो. इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरमध्ये मात्र विद्युतभारित, अत्यंत पातळ पडदा छिद्रे असलेल्या दोन पत्र्यांच्या मध्ये ताणलेला असतो आणि त्याचे वजन नगण्य असल्यामुळे तो सतारीच्या तारेवरील नखीचा सूक्ष्म आघातही टिपतो. पीटर वॉकर यांच्या क्वाडने १९५७ मध्ये या जातीचा पूर्ण पट्टीचा स्पीकर विक्रीस आणला होता. संमिश्र जातीत मध्य आणि तार पट्टी पडद्याकडे व खर्ज नेहमीच्या शंकूकडे सोपवलेला असतो. कोलकात्यात अशोक मुखर्जी यांनी १९७० मध्ये सुरू केलेल्या सोनोडाइनप्रमाणेच पुण्याच्या या प्रयत्नानेही भारतात बनलेला ध्वनिसंच जगात मान वर करून उभा राहू शकतो हे सिद्ध केले.

दहा बाय दहाची खोली

या तिन्ही वाटांच्या मागे शिक्षण, पगार किंवा भांडवल यांचे पाठबळ होते. बमरोलीतील तरुणाकडे यांपैकी फारसे काही नसते. त्याच्याकडे असते ती दहा बाय दहाची खोली आणि तिच्यापासूनच त्याच्या अभ्यासाला सुरुवात होऊ शकते. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४४ मीटर वेगाने जातो आणि समोरासमोरच्या दोन भिंतींमधील अंतराच्या दुप्पट लांबीची लाट त्या खोलीत घुमू लागते. दहा फूट म्हणजे सुमारे ३.०५ मीटर, दुप्पट केल्यास ६.१ मीटर, ३४४ ला ६.१ ने भागले की ५६ हे उत्तर येते, म्हणजे सेकंदाला ५६ कंपनांचा खर्ज या खोलीत अवाच्या सवा फुगतो. खोलीची लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही दहा फूट असतील तर तिन्ही दिशांची घुमणी त्याच सुरावर येऊन साचते, आणि म्हणूनच घनाकार खोली ही संगीतासाठी सर्वांत कठीण मानली जाते. ढोलक्याच्या प्रत्येक थापेमागे राहणारी गुणगुण ही अशा घरात स्पीकरचा दोष नसून खोलीचे गणित असते.

या गणितावर उपाय महाग नाहीत, पण ते माहीत असावे लागतात. स्पीकर अगदी कोपऱ्यात ठेवला तर खर्ज सर्वांत जास्त फुगतो, तो भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे ओढला की कमी होतो. ऐकणाऱ्याने खोलीच्या बरोबर मध्यावर बसले तर तोच खर्ज जवळजवळ नाहीसा होतो. भिंतीवर टांगलेली गोधडी किंवा कापडाचे तागे उंच पट्टीतील खणखणाट शोषून घेतात, परंतु खर्जाची लाट मीटरांत मोजण्याइतकी लांब असल्यामुळे तिच्यावर कापडाच्या पातळ थराचा परिणाम होत नाही. त्यासाठी फूट-दीड फूट जाडीचा भरणा लागतो आणि भिंतीला लावून रचलेली गाद्यांची चळत हे काम बऱ्यापैकी करते. कापडाच्या गावात कापडाची ही ताकद आणि ही मर्यादा दोन्ही समजून घेणे कारागिराला अवघड नाही.

दुसरा प्रश्न शेजारधर्माचा आहे. एका विटेच्या भिंतीपलीकडे दुसरे कुटुंब असते आणि रात्रपाळीहून आलेला माणूस दिवसा झोपलेला असतो, त्यामुळे आवाज लहान ठेवावा लागतो. आवाज लहान केला की गाण्यातला खर्ज आधी नाहीसा होतो, आणि याचे कारण यंत्रात नसून कानात आहे. बेल प्रयोगशाळेतील हार्वी फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांवरून असे दिसले की मंद आवाजात मानवी कान खर्जाला कमालीची कमी दाद देतो. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरांवर ‘लाउडनेस’ नावाचे बटण असे, ते मंद आवाजात खर्ज थोडा उचलून ही उणीव भरून काढण्यासाठी. ‘बेस पाहिजे’ ही वस्तीतील गिऱ्हाइकाची मागणी अडाणीपणाची समजून हसण्यावारी नेली जाते, पण तिच्यामागे कानाची अस्सल गरज असते, आणि ती ओळखून योग्य तेवढाच खर्ज देणारा कारागीर गिऱ्हाईक बांधून ठेवतो.

तिसरा प्रश्न सर्वांत गंभीर आहे. सुरतेत यंत्रमागांच्या शेडला ‘खाते’ म्हणतात आणि माग चालवणाऱ्याला कारीगर. धोट्याच्या मागांच्या खात्यात आवाजाची पातळी ९० डेसिबलच्या वर असते, आणि कारखान्यांच्या नियमांनी आठ तासांच्या पाळीसाठी ठरवलेली कमाल मर्यादा ९० डेसिबलच आहे. डेसिबल हे आवाजाच्या तीव्रतेचे माप असून त्यात १० ची वाढ म्हणजे ध्वनीची शक्ती दहापट होते. अशा आवाजात वर्षानुवर्षे काम केल्यावर बहिरेपणा बहुधा सेकंदाला ४००० कंपनांच्या आसपास सुरू होतो आणि ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखी घर्षक व्यंजने पुसट होऊ लागतात, म्हणजे बोलणे ऐकू येते पण उमगत नाही. पाळी संपवून आलेल्या कारीगराचे कान काही तास तात्पुरतेही मंदावलेले असतात आणि त्या अवस्थेत लावलेला ध्वनिसंच साहजिकच गरजेपेक्षा मोठा लावला जातो. घरचा आवाज खात्याच्या आवाजात भर घालतो आणि उरलेसुरले ऐकणेही झिजत जाते. अशा वस्तीत ध्वनिसंच विकणाऱ्या माणसावर मोठी जबाबदारी येते. आवाज किती वाढतो हे दाखवण्याऐवजी शब्द किती स्वच्छ ऐकू येतो हे त्याने दाखवावे, आणि खात्यात कानांत घालण्याच्या फोमच्या बोळ्यांची किंमत एका कप चहाच्या घरात असते हेही त्यानेच सांगावे.

टेबलावरचे काम

या व्यवसायात शिरण्याचा दरवाजा दुरुस्तीचा आहे. देशभरातील गल्ल्यांत ज्याला ‘असेंबल’ अ‍ॅम्प्लिफायर म्हणतात, तो सुट्या भागांतून जुळवलेला संच एकेकाळी टीबीए ८१० या आयसीवर, मग एलए ४४४० वर आणि टीडीए २०३० वर उभा राहिला, आणि मोठ्या आवाजासाठी ५२०० व १९४३ या क्रमांकांच्या ट्रान्झिस्टर जोडीचे तयार बोर्ड आले. आयसी म्हणजे एकाच चकतीत कोरलेले संपूर्ण विद्युतमंडल. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, आणि दिल्लीचे लजपतराय मार्केट या या सुट्या भागांच्या जुन्या पेठा आहेत.

अशा संचाचे काळीज ट्रान्सफॉर्मर असते आणि येथेच यंत्रमागांची वस्ती उपयोगी पडते. मागांच्या मोटरी जळतात, त्यामुळे त्यांच्या आसपास मोटर रिवाइंडिंगची दुकाने असतातच. इनॅमलचा मुलामा दिलेली तांब्याची तार गेजप्रमाणे निवडणे, वेढे मोजणे, थरांमध्ये कागद घालणे आणि वार्निश पाजणे ही तेथील रोजची कामे आहेत, आणि ट्रान्सफॉर्मरचे वाइंडिंग हे त्याच हाताचे काम आहे. ‘१२-०-१२’ ट्रान्सफॉर्मर घेतला, तर २३० व्होल्टच्या मुख्य वेढ्यासमोर मधोमध फाटा काढलेला दुय्यम वेढा असतो. त्याचा प्रत्यावर्ती दाब डायोडच्या पुलावरून एकदिश केला आणि मोठ्या कपॅसिटरमध्ये साठवला की दोन्ही बाजूंना सुमारे १७ व्होल्ट मिळतात. कपॅसिटर कमी पडला तर स्पीकरमधून १०० कंपनांची घरघर येते, कारण घरच्या विजेच्या ५० आवर्तनांचा प्रत्येक अर्धा भाग एकेक हेलकावा देऊन जातो. इनपुट शॉर्ट करूनही घरघर कायम राहिली तर दोष पुरवठ्यात किंवा अर्थिंगच्या मांडणीत आहे असे समजायचे आणि सर्व परतीच्या तारा एकाच बिंदूवर आणून बांधायच्या, ही उस्तादांकडून शिकण्याची पहिली गोष्ट.

नवा बोर्ड प्रथम चालू करताना जाणता मेकॅनिक तो थेट विजेला जोडत नाही. तो सिरीज बोर्ड वापरतो, म्हणजे विजेच्या वाटेत ६० किंवा १०० वॉटचा साधा बल्ब लावतो. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर कपॅसिटर भरले आणि सर्व ठीक आहे. तो भगभगीत पेटून राहिला तर कोठेतरी शॉर्ट आहे आणि बल्बने ट्रान्झिस्टर वाचवले आहेत. त्यानंतर स्पीकर न जोडता आउटपुटवर मल्टिमीटर लावून डीसी मोजायचे. ते काही मिलिव्होल्टांच्या आत असेल तरच स्पीकर जोडायचा, कारण डीसी स्पीकरमध्ये शिरले तर ते संगीत न देता कॉइल जाळते.

जळालेल्या कॉइलचा स्पीकर पुन्हा उभा करणे, ज्याला रिकोनिंग म्हणतात, हे या धंद्यातील सर्वांत नाजूक काम आहे. फाटलेला शंकू आणि त्याखालचा नालीदार कापडी ‘स्पायडर’ कापून काढला जातो. चुंबकाच्या फटीतील लोखंडाचा कीस चिकटपट्टीने टिपला जातो. मग नवी कॉइल फटीत उतरवताना ती कोठेही घासू नये म्हणून तिच्या आत जुन्या एक्सरे फिल्मच्या पट्ट्या गुंडाळून घालतात. स्पायडर, शंकू आणि कडेचा पट्टा चिकटवून रात्रभर वाळू देतात, दुसऱ्या दिवशी पट्ट्या हळूच ओढून काढतात, शंकू दोन्ही अंगठ्यांनी सरळ दाबून घासण्याचा आवाज येत नाही याची खात्री करतात आणि मगच मधली टोपी चिकटवतात. आठ ओहमचा म्हणून ओळखला जाणारा स्पीकर मल्टिमीटरवर सहाच्या आसपास दाखवतो आणि नवशिक्याला तो बिघडलेला वाटतो. प्रत्यक्षात आठ हा आकडा संगीत चालू असतानाच्या एकंदर अडथळ्याचा आणि सहा हा नुसत्या तारेच्या रोधाचा असतो.

हिशेब आणि हमी

केवळ हात बसल्याने व्यवसायाचा जम बसत नाही. ब्लूटूथचे तयार स्पीकर आणि साउंडबार स्वस्त झाल्यामुळे असेंबल संचाचा बाजार आक्रसला आहे, आणि किमतीत त्यांच्याशी स्पर्धा करणारा कारागीर टिकत नाही. नावाजलेल्या ट्रान्झिस्टरच्या बनावट प्रती बाजारात सर्रास मिळतात, बाहेरून छापील क्रमांक तोच आणि आतील सिलिकॉनचा तुकडा लहान, त्यामुळे स्वस्त बोर्ड लग्नसराईत ऐन वेळी दगा देतो. कारागिराचे भांडवल म्हणून तीन गोष्टी उरतात: दुरुस्तीची लेखी हमी, गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन खोलीप्रमाणे संचाची मांडणी करून देण्याची तयारी, आणि जुन्या चांगल्या यंत्रांना पुन्हा जीवदान देण्याचे कसब. तयार डब्यात यांपैकी एकही गोष्ट मिळत नाही.

डीजेच्या गाडीकडे वळण्याचा मोह या वस्तीत मोठा असतो, कारण तेथे पैसा एका रात्रीत दिसतो. तेही कसबाचेच काम आहे. तरी २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक वाजवण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे, आणि खात्यात दिवसभर कान झिजवलेल्या माणसांच्या वस्तीत या नियमाचे मोल इतर कोठल्याही वस्तीपेक्षा अधिक आहे. घरगुती ध्वनिसंचाचा कारागीर मात्र कमी आवाजात जास्त ऐकवण्याची विद्या शिकतो.

या विद्येचे औपचारिक शिक्षण आयटीआयमध्ये, म्हणजे औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत, पूर्वी रेडिओ-टीव्ही मेकॅनिक आणि आता घरगुती इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा मेकॅनिक अशा नावांनी मिळते. ध्वनिमुद्रणाकडे वळू पाहणाऱ्यांसाठी पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटचा अभ्यासक्रम आहे. आयटीआयतील शिक्षण मंडल तपासायला शिकवते. खोली मोजायला आणि माणसाचे ऐकणे ओळखायला मात्र कारागिराने स्वतः शिकावे लागते. मोबाइलवरील डेसिबल मोजणारे अ‍ॅप अचूक नसले तरी तुलनेला पुरते, आणि कोणत्याही गिऱ्हाइकाकडे संच बसवताना आधी दोन मिनिटे साधे मराठी किंवा अहिराणी निवेदन लावून त्याला कोणती अक्षरे स्पष्ट ऐकू येत नाहीत हे विचारले, तर तार पट्टीची योग्य जुळणीही होते आणि कानाच्या डॉक्टरकडे जाण्याची वेळ आली आहे काय हेही कळते.

ब्रिग्ज यांच्या कापडाच्या पेढीवर मंदी आली नसती तर ते कदाचित हौशीच राहिले असते; बमरोलीतही मागांचे दिवस नेहमी सारखे नसतात. कापडाच्या बाजारात मंदी आली की पाळ्या तुटतात आणि खानदेशातील गावांकडे परतणाऱ्या गाड्या भरतात. अशा वेळी ज्याच्या हाताला वाइंडिंग येते, ज्याला लाकूड सांधता येते आणि ज्याने एका खोलीचा आवाज मोजून सुधारला आहे, त्याच्यापाशी मागाबाहेरचे एक पोट भरण्याचे साधन असते. पण या व्यवसायाची खरी कसोटी कमाईच्या आकड्यापलीकडे आहे. वीस वर्षे मागावर उभ्या राहिलेल्या माणसाला रात्री आवाज न वाढवता कानबाईच्या गाण्यातला प्रत्येक शब्द नीट ऐकू आला, तर त्या संचाच्या कारागिराने आपल्या छंदाचे ऋणही फेडले आणि आपल्या वस्तीचेही.